तोआया

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी निर्यातीचा पत्रव्यवहार पाहते. तीन वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या एका नव्या खरेदीदाराशी फोनवर बोलण्याची वेळ आली, तेव्हा वर्षभर घरी बसून केलेल्या स्पॅनिशच्या अभ्यासाच्या बळावर मी त्यांच्याच भाषेत सुरुवात करायचे ठरवले. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि त्यांच्याकडे सकाळचे दहा. नमस्कार आणि क्षेमकुशल नीट पार पडले, आणि मग मी आमच्या मालाचे नाव घेतले. मी ‘टोॲला’ असे काहीतरी म्हणाले. पलीकडे शांतता पसरली. मी तोच शब्द अधिक ठासून, या वेळी ‘टोवाला’ असा म्हटला. ते गृहस्थ क्षणभर थांबले आणि अत्यंत सौजन्याने इंग्रजीत म्हणाले की, आपण इंग्रजीत बोललो तरी चालेल. त्या सौजन्याने मला जितके वाईट वाटले तितके त्यांच्या रागावण्यानेही वाटले नसते. ज्या वस्तूवर माझे घर चालते, जिचे सूत, वजन, किनार आणि खोक्यातली संख्या मला झोपेतही सांगता येते, तिचे नाव मला घेता आले नव्हते.

तो शब्द ‘तोआया’ असा आहे. रोमन लिपीत तो टी, ओ, ए, दोनदा एल आणि पुन्हा ए असा लिहितात. इंग्रजीतला ‘टॉवेल’ आणि हा ‘तोआया’ हे दोन्ही शब्द जर्मनिक कुळातल्या एकाच जुन्या शब्दाकडे जातात, आणि माझ्या चुकीचे मूळही बहुधा या नात्यातच होते, कारण ओळखीचा शब्द दिसला की मी तो ऐकण्याची तसदी घेत नव्हते, नुसता वाचत होते. स्पॅनिशमध्ये अगदी अनोळखी शब्द माझ्या तोंडून त्या मानाने बरे निघत. हॉस्पिटल, ॲनिमल, चॉकलेट, डॉक्टर यांच्यासारखे शब्द मात्र, जे स्पॅनिशमध्ये ओस्पिताल, आनिमाल, चोकोलाते, दोक्तोर असे होतात, ते हटकून बिघडत.

मी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकले, त्यामुळे स्पॅनिश शिकायची ठरवली तेव्हा साहजिकच इंग्रजी भाषकांसाठी तयार केलेले धडे घेतले. त्या धड्यांमध्ये उच्चारांचा भाग मोठा होता आणि मी तो फार मनापासून केला. ‘प’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत बाहेर पडू नये म्हणून ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची आणि ती हलत नाही ना हे पाहायचे. ‘त’साठी जिभेचे टोक हिरडीवर न टेकवता दातांना लावायचे. आणि ‘र’साठी अमेरिकन माणूस ‘बटर’ हा शब्द घाईने उच्चारताना मधल्या व्यंजनापाशी जीभ जशी टाळूला चाटून जाते तशी नेऊन पाहायची. महिनोन्महिने मी कागदाची पट्टी धरून बसत असे आणि अमेरिकन पद्धतीने ‘बटर, बटर’ म्हणत असे.

मग फोनवरच्या त्या प्रसंगानंतर मी एका शिक्षिकेकडे ऑनलाइन शिकू लागले. त्या मेक्सिको शहरात राहतात. पहिल्याच तासाला त्यांनी मला माझ्या भाषेत, म्हणजे मराठीत, काहीही बोलायला सांगितले. मी त्यांना सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी दोन-चार वाक्ये सांगितली. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, आणि मी थांबल्यावर म्हणाल्या की तुमचा त, तुमचा प, तुमचा क आणि तुमचा र हे चारही आताच अगदी स्पॅनिश होते. मग स्पॅनिश बोलताना ते जातात कुठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझा बराच काळ गेला आणि ते सापडले तेव्हा मला हायसे वाटण्याऐवजी वाईटच अधिक वाटले. इंग्रजी भाषकाला जे कष्टाने कमवावे लागते ते आपल्याकडे पाळण्यातच येते. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला भेद आपल्याला शिकवावा लागत नाही. इंग्रजीत मात्र शब्दारंभी येणारे प, ट, क थोड्याशा महाप्राणाने उच्चारले जातात आणि बोलणाऱ्याला त्याची जाणीवही नसते. त आणि ट यांचे तर विचारूच नये. १९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी कॅनडात तान्ह्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हिंदीतले त आणि ट हेच ध्वनी वापरले होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळे हा भेद सहज ओळखत होती, आणि वर्षाची होत आली की बहुतेकांना तो ऐकू येईनासा होत होता. म्हणजे ज्या भेदासाठी तिकडचा प्रौढ विद्यार्थी कागद आणि आरसा घेऊन बसतो, तो माझ्या कानात जन्मापासून शाबूत होता. माझी जीभ मराठीच राहिली होती, पण रोमन अक्षर पाहण्याची नजर पूर्णपणे इंग्रजी झाली होती. रोमन टी दिसला की माझी जीभ आपोआप ‘ट’कडे वळत होती, झेड दिसला की ‘झ’ निघत होता, आणि निळ्या रंगाचा ‘असूल’ माझ्या तोंडून ‘अझूल’ होऊन बाहेर पडत होता. स्पॅनिशमध्ये झेड आहे, पण ‘झ’ नाही. मेक्सिकोत त्याचा सरळ ‘स’ होतो. लिपी आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला देवनागरीच्या बाबतीत ठाऊक होते, कारण हिंदी आणि मराठी एकाच लिपीत लिहून आपण वेगळे वाचतो. रोमन लिपी मात्र मला इंग्रजीच्याच हातून मिळाली होती, आणि ती इंग्रजीच्या मालकीची आहे असे मी न कळत धरून चालले होते.

म्हणून मी एक वही केली आणि तीत सारे शब्द देवनागरीत लिहू लागले. पहिलाच शब्द ‘ओला’. स्पॅनिशमध्ये नमस्काराच्या जागी म्हणतात तो हा शब्द. त्यात आरंभी एच लिहितात पण तो उच्चारत नाहीत. मराठी डोळ्यांना ‘ओला’ म्हणजे भिजलेला, त्यामुळे तो पुन्हा कधी चुकला नाही. स्वरांचे काम तर या वहीने एका आठवड्यात केले. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आ, ए, इ, ओ, उ, आणि ते कुठेही आले तरी आपला रंग सोडत नाहीत. इंग्रजीतला ‘नो’ हा ओकडून सुरू होऊन उकडे घसरतो. स्पॅनिशचा ‘नो’ आपल्या ‘नको’तल्या ओसारखा जागच्या जागी राहतो. ॲ आणि ऑ ही चिन्हे आपण इंग्रजी शब्दांसाठी जवळ केली. या वहीत त्यांची एकदाही गरज पडली नाही. एक बारकावा मात्र मराठीने मला दिला नाही, तो बाजारातल्या कन्नडने दिला. आपला ए थोडा लांबतो, स्पॅनिशचा आखूड असतो. कन्नड आणि तेलुगूमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांना वेगवेगळी अक्षरे आहेत, आणि भाजी घेताना कन्नडमध्ये ‘एष्टु?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ असे विचारतात तेव्हा आरंभी जो तोकडा ए येतो, तोच स्पॅनिशच्या ‘एस्तो’मध्ये, म्हणजे ‘हे’ या शब्दात, मला सापडला.

सोलापूरने माझ्या या अभ्यासाला किती दिले याचा विचार करते तेव्हा मला खरोखर भरून येते. इंग्रजी धड्यांमध्ये सर्वांत भयंकर मानलेला ध्वनी म्हणजे लांबलेला ‘र्र’. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ‘कारो’ म्हणजे महाग, ‘कार्रो’ म्हणजे गाडी. शिवाय शब्दाच्या आरंभी, आणि ल, न, स यांच्या पाठोपाठ आलेला एकटा र सुद्धा असाच थरथरता म्हणावा लागतो. र बाबत आपला कान तसा तयार असतो, कारण दर्या आणि दऱ्या यांतला फरक आपण लिहितोही आणि ऐकतोही. पण थरथरता र्र सलग काढायला मला जमत नव्हते. जिभेचे टोक जोर लावून हलवायचे नसतेच, ते सैल ठेवून हिरडीजवळ न्यायचे आणि खालून येणाऱ्या हवेला ते हलवू द्यायचे, हे मला शब्दांत समजले होते, तोंडात समजत नव्हते. पूर्व भागात माझ्या आईच्या शेजारी एक पद्मशाली कुटुंब राहते. त्या घरातल्या अक्कांनी माझे ते प्रयत्न ऐकले आणि मला तेलुगू शब्द म्हणायला लावले. गुर्रम म्हणजे घोडा, गोर्रे म्हणजे मेंढी, बर्रे म्हणजे म्हैस. मग त्या म्हणाल्या, ‘एर’ म्हणजे आमिष आणि ‘एर्र’ म्हणजे लाल, आता सांग कोणता म्हणतेस. पेरो आणि पेर्रो यांची ही जोडी आमच्या यंत्रमागांच्या वस्तीत माझ्या जन्माच्या आधीपासून नांदत होती. आणि ती ऐकल्यावर मला आठवले की हा ध्वनी मी स्वतःही दरवर्षी काढत आले आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि सारे गाव ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ असा गजर करते, तेव्हा त्या ‘हर्र’मधला र्र थरथरल्याशिवाय गजर पुराच होत नाही. त्या रात्री मी घरी येऊन ‘हर्र’ म्हणत म्हणत ‘पेर्रो’वर गेले आणि तो आला.

दुसरा कठीण ध्वनी रोमन ‘जे’ या अक्षराचा. तो ज नव्हे, ह नव्हे, आणि आपला खही नव्हे. घशाच्या बाजूला जीभ वर उचलून हवा घासत सोडायची, तो उर्दूतला नुक्त्याचा ख़. आमच्या कारखान्यात रंगखात्यावर देखरेख करणारे एक चाचा आहेत. ते दखनी बोलतात, आणि दखनीत उर्दूच्या क़चाही ख़ होतो, त्यामुळे ते कलमला ‘ख़लम’ म्हणतात. शहरातले शिकलेले लोक कधी कधी दखनीच्या या सवयीला अशुद्ध ठरवतात, आणि मला ते मुळीच पटत नाही. मी चाचांकडून तो ख़ रीतसर शिकले, जेवणाच्या सुट्टीत, रोज दहा मिनिटे. स्पेनमध्ये हा ध्वनी अधिक खरखरीत आणि कॅरिबियन किनाऱ्यावर हसारखा हलका असतो, मेक्सिकोत मधला. खुद्द मेक्सिको हे नावही तिकडे एक्स लिहून ‘मेख़िको’ असे उच्चारतात, कारण सोळाव्या शतकात त्या एक्सचा उच्चार ‘श’ होता, पुढे तो बदलून ख़ झाला आणि लिखाण तसेच राहिले.

लाल रंगाला स्पॅनिशमध्ये ‘रोख़ो’ म्हणतात. आरंभीचा र थरथरता आणि मधला जे घासता. तो शब्द पहिल्यांदा नीट उच्चारला तेव्हा त्यात अक्कांचा ‘एर्र’, म्हणजे पुन्हा लालच, आणि चाचांचा ख़ शेजारी शेजारी बसलेले मला दिसले. शिक्षिकेने विचारले की हे कुठे शिकलात, तेव्हा मी त्यांना या दोघांविषयी सांगितले.

सारेच असे मिळाले असे मात्र नाही. बी आणि व्ही या दोन अक्षरांचा स्पॅनिशमध्ये एकच उच्चार आहे, शब्दारंभी साधारण आपला ब; पण दोन स्वरांच्या मध्ये आला की ओठ एकमेकांना टेकत नाहीत, नुसते जवळ येतात. आपल्या व मध्ये खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो, त्यामुळे तो इथे चालत नाही. गरम चहा बशीत ओतून फुंकर घालताना आपण ओठांमध्ये जेवढी फट ठेवतो तेवढी ठेवायची, फक्त ओठांचा चंबू करायचा नाही, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे. द आणि ग यांचेही तसेच. ‘नादा’, म्हणजे काही नाही, या शब्दातला द दातांना जेमतेम शिवतो आणि त्याच्या कडेने हवा सुटत राहते. इथे इंग्रज माणूस आपल्या पुढे आहे, कारण ‘मदर’ म्हणताना तो हाच ध्वनी काढतो आणि आपण त्या जागी ठणठणीत द ठेवून आयुष्य काढतो. कापसाला ‘आल्गोदोन’ म्हणतात, अरबी ‘अल्-कुत्न’वरून; त्यात ग आणि द दोन्ही मऊ आहेत, आणि कापसाच्या गावात राहून हा शब्द मला अजून दहापैकी चार वेळा साधतो. आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आलेला ‘पगार’ स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, तोही तसाच मऊ ग मागतो.

एन् वर नागमोडी रेघ असलेले अक्षर म्हणजे आपला ञ. तो न आणि य यांची जोड नाही, एकच ध्वनी आहे. वर्णमालेत आपण त्याला पाठ करतो, पण स्वतंत्रपणे वापरत नाही. ‘चिंच’ म्हणताना अनुस्वाराच्या जागी तो येऊन जातो, तिथे थांबून मी तो पकडला. ऊस म्हणजे ‘काञा’ आणि पांढरा केस म्हणजे ‘काना’. उसाच्या जिल्ह्यातून बोलणाऱ्या माणसाने यात गल्लत करू नये असे मला फार वाटते.

पण खरा अडसर यांपैकी कुठलाच नव्हता. तो होता आघाताचा. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर द्यावा याने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण त्याकडे लक्षच देत नाही. स्पॅनिशमध्ये ‘पापा’चा पहिला पा जोरात म्हटला तर बटाटा आणि दुसरा म्हटला तर वडील. ‘तेर्मिनो’ या एका शब्दात आघात पहिल्या अक्षरावर असेल तर संज्ञा, मधल्यावर असेल तर ‘मी संपवतो’, शेवटच्यावर असेल तर ‘त्याने संपवले’. माझ्या देवनागरी वहीचा इथे तोटा झाला, कारण रोमन अक्षरावरची तिरपी रेघ मी दीर्घ स्वराची खूण समजून वाचत होते आणि अक्षर उंचावण्याऐवजी नुसते लांबवत होते. ती चूक सुधारावी म्हणून जोर द्यायला गेले तर जुने इंग्रजी पुन्हा वर आले, कारण इंग्रजीत एका अक्षरावर जोर दिला की शेजारची अक्षरे चिरडली जातात. म्हणून तर चार अक्षरांच्या ‘चोकोलाते’चे तिथे ‘चॉक्लेट’ उरते. स्पॅनिशला एक अक्षर उंच हवे आणि बाकीची सारी शाबूत हवीत. याचा सराव मी मागाच्या खटक्यावर केला. माग ज्या एकसारख्या ठेक्यात चालतो त्या ठेक्यावर प्रत्येक अक्षर एक खटका असे बोलायचे आणि फक्त एका खटक्याला टेबलावर बोट आपटायचे. गेली दोन वर्षे माझ्या टेबलाशेजारून जाणारे लोक हा प्रकार पाहत आहेत.

नियम तसा सरळ आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर, एरवी शेवटच्यावर, आणि याला अपवाद असेल तिथे लिहिताना तिरपी रेघ देतात. हा नियम शिकवताना शिक्षिकेने माझ्या पत्त्यातला गावाचा शब्द पडद्यावर वाचला. त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. शेवटी र, म्हणून जोर शेवटच्या अक्षरावर, ओ, आ, उ तिन्ही स्वच्छ, ल दातांजवळचा, र एकदाच टेकलेला. त्या म्हणाल्या, ‘सोलापूर’. ज्या इंग्रजी अमदानीत या गावाचे लिखाण ‘शोलापूर’ असे झाले, तिला सव्वाशेहून अधिक वर्षे राहूनही जे नीट जमले नाही ते एका परक्या बाईंना पहिल्या वाचनात जमले, याचे मला आजही नवल वाटते.

कामावरून परतताना कधी कधी मी भैया चौकातून येते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक तिथे आहे. १९३८ मध्ये ते चीनला गेले तेव्हा २७ वर्षांचे होते, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्या चारेक वर्षांत, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता, ते चिनी बोलायला शिकले. चिनी भाषेत तर स्वराची चढउतार बदलली की शब्दच बदलतो. त्यांना ते कोणी शिकवले असेल, पहिल्या दिवसांत रुग्णाला ‘कुठे दुखते’ हे विचारताना त्यांची जीभ किती अडखळली असेल, असे विचार तिथून जाताना मनात येतात. वय झाले, आता उच्चार काय बदलणार, असे मला ऐकवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना मी दुसरे काही सांगत नाही.

गेल्या महिन्यात त्याच मेक्सिकोच्या खरेदीदारांचा पुन्हा फोन आला. आता मी सुटे शब्द न म्हणता ते एकमेकांत मिसळू देते, कारण स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटचा स पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन बिलगतो आणि ‘तोआयास असूलेस’चे ‘तोआयासासूलेस’ होते, आपल्या संधीसारखे. मी म्हणाले की निळे टॉवेल तयार आहेत आणि लाल, म्हणजे ‘तोआयास रोख़ास’, पुढच्या आठवड्यात निघतील. ते थांबले नाहीत. इंग्रजीकडेही वळले नाहीत. त्यांनी लगेच विचारले, ‘कुआन्तास काख़ास?’ किती खोकी? आणि मी उत्तर देण्याआधीच त्यांनी आपल्या नेहमीच्या वेगात, गोदामाविषयी, जहाजाविषयी आणि बंदराविषयी असे बरेच काही सांगायला सुरुवात केली, ज्यातले निम्मे मला कळले नाही. शेवटी एक आकडा आला. तो सेसेन्ता, म्हणजे ६० होता की सेतेन्ता, म्हणजे ७०, ते मला ऐकू आले नाही. एका स आणि त चा फरक. मी त्यांना पुन्हा सांगायची विनंती केली. ते सावकाश, एकेक अक्षर वेगळे करून म्हणाले, ‘से-तेन्-ता’. दोन्ही त दातांना टेकलेले होते. मी वहीत ७० लिहिले.